शांतवनजींचा पाचवा उद्गार

पुलगावात कुणाचा कुलर बिघडला की शांतवनजी ढोक्यांना फोन जातो. गिरणीतली नोकरी गेल्यापासून त्यांचा हाच धंदा. मार्च लागला की सायकलच्या कॅरिअरला कुलरच्या गवताच्या जाळ्या बांधून त्यांची फेरी सुरू होते. माणसात दोष एकच, कुणाला नाही म्हणता येत नाही. कुलरच्या निमित्ताने एकट्या म्हाताऱ्याच्या घरात शिरले, की औषधाची चिठ्ठी, रिकामं सिलिंडर आणि तुंबलेली मोरी अंगावर घेऊनच बाहेर पडतात. कौतुक करावं तर म्हणतात, "प्रभूनं सांगतलंच हाय तसं, मी काई नवीन नाई करून राह्यलो." 

त्यांना आयुष्यात हौस मात्र एक होती. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, चर्चमध्ये बारा ते तीन उपासना असते. येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. बोलणारे ठरलेले. कुणी मास्तर, कुणी बँकेतला, कुणी पोस्टातला. एकदा मिळालेला उद्गार माणूस सहसा सोडत नाही. सातवी शिकलेले शांतवनजी सव्वीस वर्षं फक्त ऐकत आले. मागच्या वर्षी हिरालाल मास्तर मुलीकडं नागपूरला राहायला गेले आणि पाचवा उद्गार, ‘मला तहान लागली आहे’ हा, मोकळा झाला. चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी मधुकरराव म्हणाले, "शांतवनजी, यंदा तुमी बोला. पण दहा मिनिटं, बरं का."

शांतवनजींनी वहीची चार पानं लिहिली. मग महिनाभर ज्यानं कुलर दुरुस्त करून घेतला, त्याला ती ऐकावी लागली. धनंजय पानवाल्याचं तर दुसरं पान पाठ झालं होतं.

शुक्रवारी अकरा वाजता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चार पानं खिशात ठेवून ते निघत होते, तेवढ्यात मोहिनीचा फोन आला. मोहिनी म्हणजे रूपरावांची मुलगी, दवाखान्यात नर्स. तिची आई रुख्माबाई लकव्यानं आठ महिन्यांपासून खाटेवर.

"काका, घरचा कुलर बंद पडला. बाबा कोणाले बोलवून नाई राह्यले. माई ड्युटी पाचपर्यंत हाय. आई टिनाच्या छपराखाली हाय हो."

शांतवनजी पोचले तेव्हा रूपराव दारातच उभे होते. "कोनं बोलावलं तुमाले?"

"मोहिनीनं."

"तिले काई काम नाई," असं म्हणून ते बाजूला झाले. नालीवरून त्यांचं गल्लीतल्या प्रत्येक घराशी भांडण होऊन गेलं होतं, त्यामुळे शेजारचं कुणी येण्याचा प्रश्न नव्हता. सकाळपासून ते स्वतःच मगानं कुलरच्या जाळ्यांवर पाणी टाकत होते. हात कापत असल्यानं निम्मं पाणी भिंतीवर जात होतं.

पंप जळला होता. पंपाचं दुकान शुक्रवारी बंद. "चर्चच्या कुलरचा पंप बसला असता," शांतवनजी म्हणाले, "पण तिथं सत्तर माणसं उपास धरून बसली हायेत." मग बादली ओढून ते खाली बसले. बाहेर चव्वेचाळीस अंश. पाच-सहा मिनिटांत जाळ्या वाळत आणि पंखा भट्टीसारखी हवा फेकू लागे. तीन बाजूंना तीन मग, की पुन्हा तेच.

दीड वाजता मधुकररावांचा फोन. "कुठं हायेत तुमी? तिसरा संपत आला."

"रूपरावजीकडं. कुलरवर पाणी टाकून राह्यलो."

"काऊन? त्याले हात नाईत का?"

"कापतेत."

"सव्वीस वर्षं वाट पाह्यली न तुमी?"

"हो जी."

"चौथ्याले लांबवाले सांगतो. सव्वादोनपर्यंत या. नाई आले तर पुन्हा मले म्हणू नका."

चौथ्या उद्गारावर बोलणाऱ्याला लांबवायला सांगायची खरं तर कधी गरज पडत नाही.

दोन वाजता शांतवनजी उठले. पाण्याचा मग रूपरावांच्या हाती दिला आणि चपला घातल्या. रूपरावांनी मग भरला, वर उचलला आणि तो हातातून सुटला. पाणी खाटेखाली गेलं. रुख्माबाईंनी फक्त डोळे वळवून पाहिलं. शांतवनजींनी चपला काढल्या.

तिकडं पाचव्या उद्गारावर मधुकरराव स्वतःच चार वाक्यं बोलले आणि शब्दालाही जागले. पुढच्या वर्षाच्या यादीत तो उद्गार त्यांच्याच नावावर लागला.

तीन वाजून गेल्यावर रूपरावांनी विचारलं, "चर्चमंधी तुमाले काय काम होतं?"

"बोलाचं होतं."

"मंग बोला न इथं. मी कुठं चाल्लो?"

खिशातली पानं भिजून एकाला एक चिकटली होती. शांतवनजी तोंडपाठच सुरू झाले. एक परिच्छेद, त्यावर तीन मग पाणी, की पुढचा परिच्छेद. रूपरावांनी दोनदा हरकत घेतली. "तुमचा देव होता न तो? मंग त्याले तहान कशी लागली?" यावर शांतवनजींनी बराच विचार केला. तेवढ्यात जाळ्या वाळल्या.

साडेपाचला मोहिनी आली तेव्हा तिसरं पान चालू होतं. "काका, घरी जा न आता, दमले असान," ती म्हणाली.

"एक पान राह्यलं त्याईचं," रूपराव म्हणाले. "उद्या पंप बसवाले येतीन तवा सांगतीन. पंप बसल्यावर घाई नाई राहत."