ट्रायलचा धवला

सखूबाई मढवीला रिकामा धवला म्हणता येत नाही. धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून नवरीच्या पाठवणीपर्यंत बायकांनी म्हणायचं गाणं, आणि ते सांगणारी बाई ती धवलारीण. हे गाणं पुढे सरकतं ते नावांवर. नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, दोघांच्या बापांचं, मामांचं, मांडव ज्या दारी पडला त्या घराचं. साखरपुडा झाला की घरातली एखादी बाई सखूबाईच्या ओट्यावर येऊन बसते आणि ही नावं सांगून जाते. सखूबाई ती ऐकते, तोंडातल्या तोंडात घोळवते, आणि लग्न लागेपर्यंत ती तिच्या जिभेवर असतात. नावाची जागा मोकळी ठेवून नुसती चाल म्हणून दाखव म्हटलं की ती दुसऱ्या ओळीला थांबते.

घणसोली गावात ती सून म्हणून आली तेव्हा सासू धवलारीण होती. शेत सिडकोत गेलं, नवरा ज्ञानू तुर्भ्याच्या कारखान्यात लागला, घरावर दोन मजले चढले, वरच्या खोल्यांत भाडोत्री आले. सासू गेली तशी बायका आपोआप सुनेकडे यायला लागल्या. शिकवणी अशी कधी झालीच नाही. सासूच्या मागे उभं राहून ओळ धरायची, एवढंच. गावातल्या निम्म्या संसारांची नावं पहिल्यांदा एकत्र उच्चारली गेली ती सखूबाईच्या तोंडून, आणि हे गाव मानतं.

अलीकडे मात्र तिला बोलावणं आलं तरी ते फोटोपुरतं असायचं. हॉल मोजून दिलेल्या वेळेचा, डीजे तयार, फोटोग्राफर म्हणणार, "मावशी, दोन ओळी म्हणा, इकडे बघा." मागच्या मोसमात तेवढंसुद्धा फारसं झालं नाही. शेजारच्या आळीत हळद वाजायला लागली की ती दारात बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पोरांना विचारायची, "नवरीचा नाव काय रं?" पोरं सांगायची आणि पळायची. ती बसल्या जागी ओठ हलवायची.

हे तिची सून रंजिता पाहत होती. रंजिता वाशीतल्या एका साडीच्या दुकानाचं इन्स्टाग्रामचं पान सांभाळते. साडी कशी उलगडायची म्हणजे बोट वर सरकवणारा माणूस थांबतो, कुठल्या वेळेला टाकलं म्हणजे बायका बघतात, हे तिला पक्कं कळतं. एका दुपारी तिनं सासूला हिरवं लुगडं नेसायला लावलं, ओट्यावर पाट मांडला आणि समोर मोबाइल उभा केला.

"आई, आता म्हणा. पहिल्या ओळीतच आवाज वर घ्या, नायतर लोक पुढे सरकतात."

"कोनाचा लगीन हाय?"

"कोनाचंच नाय. आपण पेज सुरू करतोय ना? लोकांना ऐकायला मिळेल, मग ते बोलवतील."

"लगीन नाय तं नाव कोनाचा घेऊ?"

"कोनाचं पन घ्या हो. उदाहरण म्हणून."

सखूबाईनं मोबाइलकडे असं पाहिलं, जसं त्यानंच काही वावगं म्हटलं होतं. "ठरल्याबिगर नाव घेत नाय गो. नाव घेतला का बांधला."

रंजिताही आगऱ्याचीच पोर, पण वाढली वाशीच्या सोसायटीत. हा नियम तिच्या लेखी जुन्या बायकांच्या शंभर नियमांतला एक होता. "ही नुसती ट्रायल हाय, आई," ती म्हणाली. "आवाज कसा येतो बघायचा. नंतर पुसून टाकू."

ट्रायल हा शब्द सखूबाईला माहीत होता. ज्ञानूच्या कारखान्यात नवं मशीन आलं की ट्रायल घ्यायचे, आणि त्यातून निघालेला माल भंगारात जायचा. भंगारात जाणाऱ्या मालाला नाव दिलं तर काय बिघडतं? सकाळपासून घरच्यांखेरीज दोनच माणसं तिच्याशी बोलली होती. समोरच्या शिवाशेठची मुलगी तेजश्री तिच्या गोळ्या आणून देऊन गेली होती, आणि वरचा भाडोत्री पार्थ पाण्याची मोटर लावायला सांगून ऑफिसला गेला होता. तीच दोन नावं ओठांवर आली. शिवाशेठच्या दारी मांडव पडला, तेजश्रीला हळद लागली, पार्थ नवरा वाजतगाजत आला.

मग खरं चित्रीकरण सुरू झालं. एकात कुकरची शिट्टी घुसली. दुसऱ्यात ज्ञानू आतून ओरडला, "चहा हाय का नाय?" तिसऱ्यात सखूबाईचा आवाज दमला. रात्री सगळं ऐकून पाहिल्यावर रंजिताच्या लक्षात आलं की ट्रायलइतकं चांगलं एकही झालेलं नाही. तिथे सासूचा आवाज खोल आणि मोकळा होता, डोळे मिटलेले. पुसायचं कबूल केलं होतं हे तिला आठवलं, पण बोट थांबलं नाही. तिनं ते नव्या पेजवर टाकलं आणि गावाच्या ग्रुपवरही पाठवलं.

सकाळी पहिला पार्थ खाली आला. दात घासायचा ब्रश हातातच.

"काकू, माझं लग्न कधी ठरलं?"

"मला काय म्हाइत? तुजा तुला म्हाइत."

"माझ्या आईला सगळं माहीत झालंय! साताऱ्यात शेजारणीनं तिला तुमचा व्हिडिओ दाखवला. ती रडतीये. म्हणते, मुलगी बघायला आम्हाला बोलावलं नाहीस, निदान अक्षता टाकायला तरी बोलव."

सखूबाईला काही उमगायच्या आत समोरून शिवाशेठ आला. चार इमारतींचा मालक, गावात त्याच्यापुढे मोठ्यानं कोणी बोलत नाही. तो ओट्याखालीच उभा राहिला.

"काकी, माज्या पोरीचा लगीन लावलास. चांगला केलास. आता जेवनाचा तरी सांग, कवा हाय? का तेवरा पन मी मोबाइलवर बघू?"

तेजश्रीचं शिरवण्याच्या एका घराशी बोलणं चाललं होतं. मुलगा कुंदन, घरचा टेम्पोचा धंदा. पुढच्या रविवारी ते लोक यायचे होते. रात्रीच तिकडून फोन आला होता: धवलारीण नाव घेऊन मोकळी झाली असेल, तर आम्ही कशाला यायचं?

"शिवा, ती ट्रायल व्हती," सखूबाई म्हणाली.

"माजी पोरगी ट्रायलला हाय का?" शिवाशेठचा आवाज चढला. "माज्या घरात चार लग्ना झाली, चारी तुज्या तोंडातून. आता या दारात पाय ठेवू नको."

रंजिता आतून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर ती बाहेर आली आणि तिनं झालं ते सांगितलं. वर हेही सांगितलं की उरणहून, पनवेलहून, भिवंडीहून फोन आलेत, धवलारीण पाहिजे म्हणून; एवढे लोक साडीच्या पानानंसुद्धा कधी बघितले नव्हते. "नावांवर बीप टाकते, आई. व्हिडिओ राहू दे. आत्ता काढला तर सगळं गेलं."

"काढ."

"आई, ऐका तरी…"

"काढ बोलतंय ना."

रंजितानं काढला. पण तो आता तिच्या एकटीचा राहिला नव्हता. ज्याच्या त्याच्या मोबाइलमधून तो पुढे चालला होता, आणि तिथून तो काढायचा उपाय कुणाकडेच नव्हता.

पुढचे दिवस सखूबाईला जड गेले. गिरणीवर गेली की पोरं ओरडायची, "काकी, माजा नाव कत्रिनाबरोबर घे गो!" हे ती हसून सोडायची. पण मागच्या आळीत एका घरी साखरपुडा झाला, आणि नावं सांगायला कोणी आलं नाही. बाजारात त्या घरची बाई समोर आली तेव्हा तिनं बाजूला उभ्या मुलीला हलकेच पाठीमागे सरकवलं. मुलीचं नाव या म्हातारीच्या कानावर पडू नये, एवढंच. सखूबाई भाजी न घेता घरी आली. बोलावणं कमी होणं ती समजू शकत होती, कारण काळच तसा होता. पण गावानं तिच्या तोंडाला भ्यावं, हे तिला सोसेना. घरात मात्र तिनं एकदाही म्हटलं नाही की व्हिडिओ रंजितानं टाकला. कोणी विचारलं की म्हणायची, "तोंड माजा व्हता."

रंजिताच्या जिवाला तेच जास्त लागलं. फोन करणाऱ्यांना ती "नंतर कळवते" म्हणत राहिली. शेवटी एका संध्याकाळी तिनं पुन्हा मोबाइल उभा केला. "आई, ज्यांचं लग्न झालेलंच हाय अशांची नावं घेतली तर?"

सखूबाईनं विचार केला. "लोकाची नको. परत कोनाच्या घरात भांडाण." मग ती आत वळून ओरडली, "ओ, इकडे या. शर्ट घाला."

ज्ञानू क्रिकेट सोडून बाहेर आला. पाटावर बसवल्यावर त्याला संशय आला. "माजा परत लगीन लावतंस? या वयात?"

"कोनाशी लावू? दुसरी कोन घेनार तुमाला?"

तिनं स्वतःचं आणि ज्ञानूचं नाव घेऊन धवला म्हटला. ज्ञानू सुरुवातीला हसला, मग मान खाली घालून बसून राहिला. रंजितानं हा व्हिडिओ पुसायचं वचन दिलं नव्हतं. तिनं खाली स्पष्ट लिहिलं की ही धवलारीण आणि तिचा नवरा, आणि आधीच्या व्हिडिओतली नावं चुकून गेली, तो संबंध खरा नाही. पहिल्याच्या मानानं याला फार लोकांनी पाहिलं नाही. जे थांबले ते शेवटपर्यंत थांबले, हे मात्र तिनं आकड्यांवरून ओळखलं.

थांबणाऱ्यांत शिरवण्याची एक बाई होती, कुंदनची आई. रविवार टळून गेला होता, पण तिच्या पोरानं तेजश्रीचा फोटो पाहिला होता आणि त्याचं दुसरीकडे मन वळत नव्हतं. एक दिवस ती रिक्षा करून थेट घणसोलीला आली, शिवाशेठला घरातून उठवून तिनं बरोबर घेतलं आणि सखूबाईच्या ओट्यावर येऊन बसली. शिवाशेठ खालीच उभा राहिला, मोबाइलमध्ये काहीतरी शोधत.

"तूच का गो ती?" तिनं विचारलं.

"मीच."

"पोरगी माज्या पोऱ्याला पसंत हाय. माजा काय म्हननं नाय. पन नाव एकदा धवल्यात गेला, तो दुसऱ्या पोऱ्याबरोबर गेला. तो कोन सोडवनार?"

सखूबाईनं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"आमच्या शिरवन्यात बी धवलारीन हाय. चांगली हाय. पन तिच्या तोंडानं तुजी गाठ सुटंल का? जिनं बांधली तिनंच सोडवायची. हलदीला तू पायजेस, नायतर मी पोरगी नेत नाय." मग ती खाली वळली. "व्याही, सांगा बाईला."

शिवाशेठनं मोबाइल खिशात घातला. "काकी," तो म्हणाला, "हलद शुक्रवारची धरू. ये."

हळदीच्या मांडवात घणसोली अर्धी लोटली होती. जेवण, ढोलताशा यांपेक्षा म्हातारी कुठलं नाव घेते हे ऐकायला लोक आले होते. पार्थही होता, साताऱ्याहून आलेल्या आईला शेजारी बसवून, सगळं खोटं होतं हे तिला डोळ्यांनी दाखवायला. सखूबाईनं पदर खोचला, डोळे मिटले. पहिल्या ओळीत तेजश्रीचं नाव आलं तसा मांडव शांत झाला. दुसऱ्या ओळीला तिनं श्वास घेतला तो जरा लांबला. मागे ओळ धरून उभ्या बायकांना राहवलं नाही, आणि चार-पाच जणी एकदम ओरडल्या, "कुंदन!"

"म्हाइत हाय गो मला!" सखूबाई डोळे उघडून म्हणाली, आणि सगळा मांडव हसला. मग तिनं ते नाव घेतलं. कुंदनच्या आईनं तीच ओळ पुन्हा म्हणायला लावली, आणखी एकदा, आणि आणखी. पार्थच्या आईनं जागेवरून दोन्ही हात जोडले.

हळद आटोपल्यावर विहीणबाई रंजिताशेजारी येऊन बसली. "ज्याला ज्याला तो गेला, त्याला त्याला यो गेला पायजे," असं म्हणून तिनं स्वतःच्या मोबाइलमधले एकेक नातेवाईक काढून द्यायला सुरुवात केली, आणि रंजिता मांडवात घेतलेला आजचा व्हिडिओ एकेकाला पाठवत राहिली.

सखूबाई पंगतीत बसली होती. घसा बसल्यामुळे तिला घास नीट उतरत नव्हता. तेवढ्यात मागच्या आळीतली ती बाई ताट घेऊन तिच्याजवळ सरकली. इकडेतिकडे पाहून ती कानाशी वाकली.

"काकी, आमच्या पोरीचा ठरलाय. साखरपुडा झाला, देवाशप्पत. मोबाइल नाय ना कुटं?"

"नाय," सखूबाई म्हणाली. तिनं हातातला वडा ताटात ठेवला आणि कान पुढे केला. "सांग नाव."