गोदाम नव्हे, टोपी कारखाना

दौलतभाऊ माणसाच्या तोंडाकडे आधी पाहत नसत, डोक्याकडे पाहत. पहिल्या भेटीत मी कार्यालयाचे ओळखपत्र पुढे केले, तर ते माझ्या कपाळावरून नजर फिरवत म्हणाले, "साडेएकवीस इंच. बसा."

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, एका अरुंद गल्लीत टोपीवाल्यांची दुमजली इमारत होती. जुन्या इमारतींच्या पाहणीचे काम माझ्याकडे होते. सिंदेवाहीकडच्या खेड्यातून शिकून आलेला, घरातला पहिला पदवीधर मी. फॉर्म नीट भरता येणे हीच मला मोठी विद्या वाटे. दाराला कुलूप पाहून 'वापर' या रकान्यात मी बाहेरूनच 'पडीक गोदाम' लिहून टाकले होते. दौलतभाऊंनी चष्मा वर करून ते वाचले.

"गोदाम लिवलं काऊन?"

"बंद आहे ना, भाऊ."

"बंद तं मानूस बी पडते. मंग त्याले लाकूड म्हनता का? गोदामात माल ठेवतेत, साहेब. इथी माल होत होता."

त्यांनी मला आत नेले. पुठ्ठ्याला खळ लावून ज्यांच्यावर आकार देत ते लाकडी ठोकळे, वरच्या मजल्यावर अस्तर शिवणाऱ्या बायांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली फरशी. याच गल्लीत पूर्वी माग चालत, पितळेची भांडी घडत. आता शिकवण्या आणि मोबाईलची दुकाने. कारखाना बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, मालकांची मुले दूर गेली, पण हा शेवटचा कारागीर रोज सकाळी येऊन झाडून काढी.

भिंतीवर खुंट्यांना शेकडो दोऱ्या टांगलेल्या होत्या. आमच्याकडे लग्नात सोयऱ्यांना टोपी-दुपट्टा देतात. जंगलातल्या गावांहून सगळ्यांना मापासाठी चांद्याला, म्हणजे चंद्रपूरला, आणणे कुठले जमायचे! मग वरबाप एकच दोरी पाठवी. एका टोकापासून मोजून प्रत्येक डोक्याच्या घेरावर एक गाठ, आणि व्याह्याच्या गाठीला लाल धागा. दोरीला लाकडी पाटी, तिच्यावर गाव आणि आडनाव.

"मानूस लबाड बोलते, डोस्कं नाई बोलत," दौलतभाऊ म्हणत. "अन् व्याह्याची टोपी नाकावर आली, तं इज्जत वरबापाची जाते. म्हून दोरी जपाची."

इमारत पाडणार हे त्यांना माहीत होते. "पाडतीन तं पाडतीन. पन कागदावर आमी असलो पाह्यजे. नाई तं उद्या लोक म्हनतीन, चांद्यात कोळसाच निंगे, दुसरं काई होतच नोहतं."

मी कार्यालयातल्या माझ्या साहेबांना नोंद बदलायची विनंती केली. "पुरावा आहे का?" त्यांनी विचारले. परवाना नव्हता, पावती नव्हती. अहवाल जायला दोन दिवस होते. मी कसेबसे साहेबांना तिथे घेऊन गेलो.

दौलतभाऊंनी त्यांच्याही डोक्याकडे पाहिले. "साहेब, गाव कोनतं?"

साहेबांनी मूल तालुक्यातले आपले गाव सांगितले, आडनावही. भाऊ स्टुलावर चढले. बराच वेळ पाट्या उलटल्यावर त्यांनी एक दोरी काढली. साहेब हसले, "आमच्या आडनावाचे गावात पन्नास लोक आहेत." तरी त्यांनी वडिलांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा, तुमच्या लग्नात टोप्या कुठल्या होत्या?"

"चांद्याच्या. काऊन?"

"माप कोणी दिलं?"

"तुया आज्यानं दोरी पाठोली होती." मग म्हातारा खुदखुदला. "माया सासऱ्याचं डोस्कं हे एवढं, भोपळ्यावानी! गाठ पार दोरीच्या शेंड्यावर गेली. आमी हासलो तं तुयी माय दोन दिवस बोलली नाई मायाशी."

साहेबांनी दोरी हातात ताणली. सगळ्या गाठी जवळजवळ होत्या. एकच चार बोटे पुढे, अगदी टोकाला. तिला विटलेला लाल धागा होता. त्यांनी माझा पेन घेतला, 'पडीक गोदाम' खोडले आणि स्वतःच्या हाताने लिहिले: टोपी कारखाना.

"बायाइचं बी लिवा," दौलतभाऊ म्हणाले. "अर्धा कारखाना त्याइचाच होता." साहेबांनी तेही लिहिले.

पुढच्या वर्षी इमारत पाडली. दौलतभाऊ राजुऱ्याला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. मला कळायला महिना लागला, याची खंत अजून आहे. कॉलेजने मला लिहायला शिकवले. लिहिण्याआधी थांबायला दौलतभाऊंनी शिकवले.

परवा मूलला एका बंद भातगिरणीची पाहणी होती. दाराला कुलूप, आवारात गवत. फॉर्म तसाच पिशवीत ठेवला. भिंतीच्या सावलीत एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिला विचारले, "बाई, तुम्ही इथं काय काम करत होता?"

तिने माझ्याकडे नीट पाहिले, मग सूप बाजूला सारून मला बसायला जागा केली.