भाऊजींच्या वाटणीचे फुगे

माझ्या ताईला अर्धवट राहिलेलं काही बघवत नाही. कुणाच्या ताटात घास उरला की ती खाऊन टाकते. शेजारणीचं विणकाम अडलं की घरी आणून पुरं करते. मी बोलता बोलता थांबले तर माझं वाक्यसुद्धा तीच पुरं करते, आणि बहुतेक वेळा चुकीचं. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती जन्मभर काज-बटणाच्या मशीनवर बसली. सुटीची घंटा झाली तरी हातातला शर्ट संपवूनच उठायची. मुकादम खूश, बाकीच्या बायका वैतागलेल्या. मलाही तिच्या या खोडीचा वैताग यायचा, पण त्यातून कुणाचं वाईट होईल असं कधी वाटलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं, म्हणजे भाऊजींचं, कुलूपकिल्ल्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन इमारतींमधली फट. एक स्टूल, किल्ल्या कापायचं मशीन आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या. मशीनमधून निघालेली किल्ली भाऊजींनी तशीच कधी कुणाला दिली नाही. बारीक कानस घेऊन तिच्यावर हलका हात फिरवायचे, बोटाने चाचपायचे, मगच गिऱ्हाइकाकडे द्यायचे. एका सकाळी ती कानस हातातून खाली पडली आणि उचलायला हात गेलाच नाही. अर्धांगाचा झटका. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, जीभ जड का होईना ताळ्यावर आली. उजवा हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा पडून राहिला.

घरी व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. चेंडू दाबा, बरणीचं झाकण फिरवा, भिंतीवर बोटं चढवा. भाऊजी या सगळ्याला बालवाडी म्हणायचे आणि तिची पाठ वळली की हातपाय गाळून बसायचे. शेवटी तिने एक लांबट काळी डबी आणून टीव्हीखाली ठेवली. डबीतल्या कॅमेऱ्याला आपला हात दिसतो. पडद्यावर वरून रंगीत फुगे उतरतात, आपण हात उचलला की पडद्यावरचाही हात उचलला जातो, फुग्याला लागला की फट्!

"काका, रोजच्या फेऱ्या पुऱ्या झाल्या की हिरवी खूण, नाही झाल्या तर लाल. मला फोनवर दिसतं सगळं," ती म्हणाली. "आणि काकू, फुगे किती जोरात सोडायचे ते गेमच ठरवतो बरं का. चांगलं खेळलं की तो आपोआप अवघड होतो."

ताईने यातलं लाल आणि हिरवं तेवढं ऐकलं.

"या वयात आता हे," असं पुटपुटत भाऊजी टीव्हीसमोर बसले, पण बसले खरे. पहिला फुगा फुटला तेव्हा ताईने मला फोन केला आणि फोनवर नुसतीच हसत राहिली. दुकानाच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. शटरला तेल घालायला हवं, कानशी गंजल्या असतील, असं भाऊजी म्हणायला लागले.

मग एक दिवस ते दमून मधेच उठले. "पुरे," म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले. पडद्यावर लाल खूण. ताई हात पुसत बाहेर आली आणि बघते तर काय, फेरी अर्धी! ती टीव्हीसमोर उभी राहिली आणि उरलेले फुगे तिने फोडून टाकले. हिरवी खूण आली. ताटातला घास संपवावा, तितकाच तिने त्याचा विचार केला.

घास संपला, पण भूक लागली. मी एकदा दुपारी न सांगता गेले तर दार नुसतं लोटलेलं, टीव्हीचा आवाज बंद, भाऊजी आतल्या खोलीत घोरतायत आणि माझी ताई, गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी माझी ताई, बाह्या वर सारून दोन्ही पायांवर नाचतेय! हात असा चालत होता की कारखान्यातल्या मशीनने मान खाली घालावी. मला बघून ती चोरी पकडल्यासारखी गोरीमोरी झाली.

"अगं, यांच्या राहिलेल्या फेऱ्या," ती म्हणाली.

"दिसतंय," मी म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. जन्मभर लोकांचे शर्ट संपवले हिने. एखादी गोष्ट हिला नुसती मजा म्हणून करताना मी पहिल्यांदाच बघत होते. मी खुर्ची ओढून बसले आणि "तो बघ, तो निळा!" म्हणून कुजबुजत तिला साथही दिली.

त्यानंतर भाऊजींचं बिनसत गेलं. फुगे त्यांच्या हाताला लागेनात. हात खांद्यापर्यंत पोचायच्या आत फुगा खाली गेलेला असायचा. डबी आल्यापासून व्यायामवाली मुलगी घरी येत नव्हती, तिकडून फोनवरच म्हणायची, "काका, कमाल आहे तुमची, असंच चालू ठेवा!" भाऊजी फोन ठेवून भिंतीकडे बघत बसायचे. आपली समजूत काढली जातेय असं त्यांना वाटायचं. लहान मुलाची काढतात तशी. मग ते टीव्हीसमोर बसेनासे झाले, आणि शटर, तेल, कानशी यांचं नावही निघेना.

एके दिवशी जेवताना त्यांनी दुकानाच्या किल्ल्या ताईपुढे सरकवल्या. "मशीन विकून टाक," म्हणाले. "हात मेलाय माझा. आधी थोडा होता, आता तोही गेला. परवा एक जण बघायला येतोय."

ताईने त्या व्यायामवाल्या मुलीला फोनवर फोन केले, तेव्हा ती मुलगी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आली. मीही तिथेच होते. तिने भाऊजींचा हात उचलायला लावला, मग फोनमधले आकडे बघितले, मग पुन्हा हात बघितला. "काहीतरी घोळ आहे," ती म्हणाली. "या हाताने एवढं खेळणं शक्यच नाही. आणि गेम तर एवढा अवघड होऊन बसलाय की धडधाकट माणसाला दम लागेल. काका, याला तुमचा हात कसा पुरणार?"

ताई दारात उभी होती. तिचा चेहरा मी बघितला आणि तिला उमगलंय हे मला कळलं. ती तशीच स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून त्याखाली हात धरून उभी राहिली.

"मी मारला त्यांचा हात," ती म्हणाली.

"काहीतरीच बोलू नकोस. मुलीला सांगून गुपचूप गेम सोपा करून घेऊ. भाऊजींना कळायचंसुद्धा नाही."

"म्हणजे मग त्यांना वाटेल, अचानक सुधारलो. तेही खोटंच ना? ते बिचारे रोज स्वतःला शिव्या घालत होते, आणि मी दुपारची वाट बघत होते. ते कधी झोपतात याची वाट बघत होते गं मी!"

तिने नळ बंद केला आणि बाहेर जाऊन भाऊजींसमोर जमिनीवर बसली. मुलीसमोर, माझ्यासमोर तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे ते फुगे तुझे होते," भाऊजी म्हणाले.

"हो."

"आणि मी म्हणतोय हात मेला."

ताईने मान खाली घातली.

"मजा यायची?"

नाही म्हण, नाही म्हण, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

"हो," ताई म्हणाली. "खूप."

भाऊजी उठून आत गेले. त्यांनी दिवसभर तिच्याशी अवाक्षर काढलं नाही. मशीन बघायला येणाऱ्या माणसाला मात्र संध्याकाळी डाव्या हाताने स्वतः फोन लावला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

मुलीने गेम पहिल्यापासून लावून दिला, शिवाय ताईचा वेगळा खेळाडू करून दिला. भाऊजी पुन्हा बसायला लागले. ताई त्या खोलीत पाऊल टाकेना. गेम सुरू झाला की ती भांडी काढून घासायची, घासलेलीच पुन्हा घासायची. गेलेले दिवस परत येत नाहीत, झटक्यानंतरचे सुरुवातीचे दिवसच हात सुधारायला कामाचे असतात, हे मुलगी कुणाशी तरी बोलताना तिने ऐकलं होतं. ते वाक्य ती मला कितीदा ऐकवायची.

शेवटी भाऊजींनीच हत्यार उपसलं. "तू नाही खेळलीस तर मीही नाही खेळणार," असं म्हणून ते हाताची घडी घालायला गेले. उजवा हात घडीत बसेना, तरी हट्ट तेवढाच.

मी होते तिथे. ताई नाइलाजाने टीव्हीसमोर उभी राहिली. दोघांचे फुगे शेजारी शेजारी उतरू लागले. भाऊजींचे सावकाश, तिचे भराभर. भाऊजींचा हात थरथरत वर गेला, एक फुगा फुटला. ताईचा हात मात्र कमरेच्या वर जाईना. फुगे एकामागून एक सुटत होते आणि ती त्यांना सोडत होती.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. "अगं," ते म्हणाले, "आता पुन्हा नको फसवूस मला."

ताईने डोळे पुसले नाहीत, बाह्या वर सारल्या. भाऊजी आपला फुगा विसरून तिच्या हाताकडे बघत राहिले. ती रडत होती आणि एकही फुगा सोडत नव्हती.