दाराबाहेर ऐकलेल्या मॅचेस

माझी उंची ही कुवेतमधल्या सलवा भागातल्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांची सामायिक काळजी होती. शुक्रवारी कुणाकडे जेवायला गेलं की एखादी काकू दारातच मला नखशिखान्त न्याहाळायची आणि आईला म्हणायची, "अगं, हिला आता थांबव. एवढ्या उंचीचा मुलगा आणायचा कुठून?" जणू आई मला रोज सकाळी खत घालत होती. आई "बघते हं" म्हणायची आणि चपला काढायची. ती सरकारी इस्पितळात नर्स होती. समोरच्याला बरं वाटेल असं बोलून पुढे जायची तिला सवय होती.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. मी शुवैखच्या बाजूला मुलींच्या एका कॉलेजात लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होते. तिथे मात्र माझ्या उंचीला पहिल्याच महिन्यात गिऱ्हाईक मिळालं. बास्केटबॉलच्या कोच एक इजिप्शियन बाई होत्या. तिकडे शिक्षिकेला 'अबला' म्हणतात. या बाई ओरडल्या की व्हरांड्यातली कबुतरं उडायची. त्यांनी मला खालून वर पाहिलं, काहीही न विचारता हातात जर्सी दिली आणि मी टीममध्ये आले.

चेंडू आणि मी यांचं काही जमत नाही, हे त्यांना दोन दिवसांत कळलं. पण बाई हुशार. त्यांनी माझा खरा उपयोग शोधून काढला. मॅचच्या आधी मी सगळ्यांत पुढे उभं राहायचं, हात वर करून ताणायचे, समोरच्या टीमला नीट दिसेल असे. शिट्टी झाली की बेंचवर जाऊन बसायचं. शेतातल्या बुजगावण्याला याहून जास्त काम असतं. ते निदान दिवसभर उभं तरी असतं.

आणि त्या वर्षी आमची टीम जिंकतच सुटली. त्यात माझा वाटा समोरच्यांच्या पहिल्या दोन मिनिटांच्या भीतीपुरता. बाकी सगळं आमच्या कप्तानाचं, एका बुटक्या पॅलेस्टिनी मुलीचं. ती माझ्या कोपराखालून चेंडू घेऊन निघून जायची.

बाबांना हे बेंचचं काहीच माहीत नव्हतं. मुलींच्या मॅचला पुरुषांना प्रवेश नव्हता. हॉलच्या खिडक्यांना जाड पडदे आणि दारावर रखवालदार. बाबा मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून सुटले की घामेजल्या शर्टानेच सलवाला येऊन आईला गाडीत घ्यायचे, शुवैख गाठायचे, आईला आत सोडायचे आणि स्वतः दाराशी उभे राहायचे. त्यांच्यासारखा बास्केटबॉलचा भक्त आमच्या ओळखीत दुसरा नव्हता. सांगलीच्या कॉलेजात ते स्वतः टीममध्ये होते. टीममध्ये होते, एवढंच ते सांगत. पुढचं कुणी विचारलं नव्हतं.

रखवालदार चाचा रत्नागिरीकडचे. दोघे भिंतीच्या सावलीत बसून मॅच ऐकायचे. आत शिट्टी वाजली की चाचा म्हणायचे, "साहेब, ही फाउलची शिटी, हां." आतल्या बायका आनंदाने जीभ हलवून तो लांबलचक उलुलु आवाज काढायच्या. तसा आवाज आला की बाबा म्हणायचे, "ही आमची बास्केट." समोरच्या टीमच्या आयाही तोच आवाज काढतात, हे दोघांच्या डोक्यात कधी आलं नाही. त्यामुळे भिंतीबाहेर आमच्या टीमने आतल्यापेक्षा दुप्पट पॉइंट मिळवले.

मॅच संपली की आई बाहेर यायची. पहिल्या मॅचनंतर बाबांनी विचारलं, "कशी खेळली?"

आईने मला बेंचवर बसलेलं पाहिलं होतं. तिने बाबांचा चेहराही पाहिला. आयुष्यभर ती वॉर्डाच्या दारातून बाहेर येऊन असेच चेहरे पाहत आली होती.

"छान," ती म्हणाली. "काळजीचं काही नाही."

"अगं, पॉइंट किती काढले?"

"चार."

मी मागच्या सीटवर बसले होते. तोंड उघडलं, पण आईने आरशातून असं पाहिलं की मी मिटून घेतलं. पुढच्या मॅचला सहा झाले, मग आठ. आईला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पेशंट एकदम बरा झाला असं कधी सांगायचं नाही, हळूहळू सुधारणा दाखवायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

घरी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, धिस इज टू मच. बाबांना कळलं तर?"

"मग खेळ ना तू," ती कांदा चिरत म्हणाली. "मी काय कायमची सांगत बसू?"

आता माझी खरी पंचाईत झाली. एकदा तरी मैदानात उतरायचं आणि एक तरी बास्केट करायची, तीही बाबांना कळायच्या आत. मी उरलेल्या वेळात एकटीच चेंडू फेकत बसायची. तो कुठेही जायचा, बास्केट सोडून.

बाबांनी मात्र सलवा दणाणून सोडलं. मराठी मंडळाच्या दर बैठकीत ते न पाहिलेल्या मॅचचं वर्णन हातवारे करून सांगायचे. कुठल्या कोपऱ्यातून मी मुसंडी मारली, कुणाला कसं चकवलं, सगळं. मला थांबवायला निघालेल्या काकू आता म्हणायला लागल्या, "उंची ही देवाची देणगीच असते हो." एका बैठकीत ठरलं, की फायनल झाली की पुढच्या शुक्रवारी शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार. नारळ कुठल्या दुकानातून आणायचा यावर माझ्या सगळ्या सीझनपेक्षा जास्त चर्चा झाली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

फायनलला हॉल खच्चून भरला होता. शेवटाकडे आमची आघाडी इतकी वाढली, की समोरच्या आया पर्सा आवरायला लागल्या. तेवढ्यात आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला. बाईंनी बेंचकडे पाहिलं. बेंचवर मी एकटीच उरले होते. बाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि हात केला.

मी धावले. कुठे, ते मला आजही सांगता येणार नाही. समोरची एक मुलगी माझ्यावर येऊन आदळली आणि शिट्टी वाजली. फ्री थ्रो मिळाले, दोन. पहिला चेंडू बास्केटच्या खालून गेला. कुणीतरी हसलं. दुसरा मी डोळे मिटून फेकला. तो बोर्डावर आपटला, रिंगवर रेंगाळला आणि आत पडला.

निकाल लागल्यातच जमा होता. कुणाला काय त्याचं? हॉलभर बायका एकमेकींशी बोलत होत्या. आणि त्यात एकाच कोपऱ्यातून एक उलुलु उठला, अडखळत, मध्येच फाटलेला. मी वळून पाहिलं. साताऱ्याकडची माझी आई, तोंडावर आडवा हात धरून, बाळंतपणाच्या वॉर्डाबाहेर तिथल्या आज्या काढतात तो आवाज काढत होती. मला तिथेच रडू फुटलं.

बाहेर चाचा बाबांना विचारत होते, "ही कोण बाय हो साहेब? हिला काय येत नाही."

आई बाहेर आली. बाबा पुढे झाले. "जिंकलो ना! किती काढले हिने?"

"एक," आई म्हणाली.

"एक? एकच? अगं, बरं नव्हतं का तिला?"

"बरी होती. एक काढला." आईने पर्स काखेत सरकवली. "अहो, हा मी डोळ्यांनी पाहिला."

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग किल्ली काढून गाडीकडे गेले. घरी पोचेपर्यंत त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते, आणि मला इतकी लाज वाटत होती की जिंकल्याचा कप कसा दिसतो तेही मी पाहून आले नव्हते.

शुक्रवारी सत्कार झालाच. शाल आली, नारळही आला. सगळे बाबांच्या हातवाऱ्यांची वाट पाहत होते. बाबा उठले आणि म्हणाले, "आमच्या मुलीने फायनलमध्ये एक पॉइंट काढला. तो मी पाहिला नाही, हिच्या आईने पाहिला." आणि खाली बसले.

मग टाळ्यांचा कडकडाट. "काय विनय आहे!" एक काकू डोळे पुसत म्हणाली. खरं बोलून सुटायचीही त्या मंडळात सोय नव्हती.

परतताना मी मांडीवर नारळ घेऊन मागे बसले होते. बाबांनी पहिल्यांदाच आईला न विचारता मला विचारलं, "बोर्डाला लागून गेला, की थेट?"

"बोर्डाला लागून. डोळे मिटले होते मी."

"चालतं." सिग्नलला त्यांनी गाडी थांबवली. मग म्हणाले, "मला सांगलीत तेवढाही नाही मिळाला. तीन वर्षं बेंचवरच होतो."

आईने पदर सारखा केला. "माहितेय," ती म्हणाली. "लग्नाआधी आमच्या दादांनी कॉलेजात जाऊन चौकशी केली होती."