भाऊंनी दाखवलेला समुद्र

सूड उगवायला कुणी कोर्टात जातं, कुणी शेजाऱ्याचा बांध कोरतं. मी कोकणची सहल आखली. हसू नका, मी पूर्ण शुद्धीत सांगतेय.

भाऊ म्हणजे माझे थोरले दीर. ते अमळनेरला, आम्ही जळगावला. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. मुलं शाळेत होती तेव्हा एका दिवाळीच्या सुट्टीत भाऊंनी मोठी जीप भाड्याने केली आणि सगळ्यांना कोकणात नेलं. त्यात भाऊंचा एक नेम होता. ज्या घरात मासा शिजतो, तिथलं पाणीसुद्धा प्यायचं नाही. कोकणात! बरं, नेम तुमचा आहे तर उपास करा, खजूर खा. छे! नेम त्यांचा आणि तो पाळायचा आम्ही. जीपच्या टपावर शेगडी, छोटा सिलिंडर, कळण्याच्या भाकरीचं पीठ, भरताच्या वांग्यांचं पोतं, आणि ते सगळं रांधायला खाली आम्ही दोघी.

काशीदला पुरुष आणि मुलं पाण्यात गेली, तेव्हा आम्ही सुरूच्या झाडामागे वारा अडवायला चादर धरून वांगी भाजत होतो. दिवेआगरला भाकऱ्या थापल्या. हरिहरेश्वरला कुणाला तरी शेवभाजीची आठवण झाली. समुद्राचा आवाज रोज ऐकला, म्हणजे शेजारच्या घरात लग्न असावं आणि आपण भिंतीआडून बँड ऐकावा तसा. शेवटी गणपतीपुळ्याला अक्का भांडी घासून उठली आणि म्हणाली, "मी पाय तेवढे ओले करून येते."

भाऊ म्हणाले, "समुद्र कुठं पळून जातोय? बसा गाडीत. अंधार पडायच्या आत घाट चढायचाय."

अक्का बसली. ती भडगावजवळच्या खेड्यातली, लहानपणी गिरणेच्या डोहात पोरांच्या बरोबरीने उड्या मारलेली. त्या पाण्यासाठी तिचा जीव किती कासावीस झाला असेल, ते मला कळलं. घाट संपेपर्यंत ती मागच्या काचेतून वळून बघत होती.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण त्यानंतर घरातलं एक लग्न, एक जावळ, एक दहावं असं गेलं नाही की भाऊंनी चार माणसांत मांडी ठोकून सांगितलं नाही, "दोघी सुनांना कोकण दाखवून आणलं आपण. अख्खा समुद्र दाखवला!" आणि त्या वेळी अक्का तिथंच कुणाला तरी भात वाढत असायची. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मागच्या हिवाळ्यात अक्काला जळगावच्या डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही गुडघे बदलावे लागतील, म्हणाले. परत येताना रिक्षात ती मला म्हणाली, "बाई, गुडघे गेले. आता कधी मी समुद्रात पाय घालते." हसत म्हणाली, पण मला ते लागलं. आणि नेमका त्याच आठवड्यात भाऊंचा आमच्या ह्यांना फोन आला की पुन्हा एकदा कोकण करू, चतुर्थीला गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊ. "तिला म्हणावं, फोनवर रस्ता बघून ठेव. आणि शेगडी घे म्हणावं."

भाऊ माझ्याशी थेट बोलत नाहीत. जेठ-भावजयीची मर्यादा आमच्याकडे अजून पाळतात. ते ह्यांना सांगतात, हे मला सांगतात, मी ह्यांना उत्तर देते. मी शेजारी बसलेली असते आणि फोन स्पीकरवर असतो, तरी असंच. इतकी वर्षं मला या प्रकाराचा राग यायचा. या वेळी मात्र मी मनात म्हटलं, वा! खोटं बोलायचं मी आणि पोहोचवायचं ह्यांनी.

मग मी रोज जेवण आवरून नकाशा उघडून बसायला लागले. आधी भाऊंना काय हवंय ते काढलं. देवळं, प्रत्येक देवळात दहा मिनिटं, आणि पुढे चला. ते एकेक खोडलं. गणपतीपुळे तर अख्खंच काढून टाकलं. बाप्पाची माफी मागितली, म्हटलं, तुझ्याशी माझं काही भांडण नाही. नंतर अक्काला काय हवंय ते पाहिलं. किनाऱ्याला उतार नको. गाडी जवळ गेली पाहिजे. वाळू घट्ट हवी, पाय रुतायला नको. फोटो मोठे करकरून पाहिले, खोल्या देणाऱ्या बायकांना फोन लावले. दिवेआगरची एक बाई फार भली निघाली. म्हणाली, "अष्टमीच्या सुमारास या. तेव्हा पाण्याला ओढ कमी असते, आणि ओहोटी दुपारकडे येते, उन्हात बरं वाटतं." मी विचारलं, तुमच्याकडे मासे करता का? म्हणाली, "करतो, पण शाकाहारी लोकांची चूल वेगळी, भांडी वेगळी." मग मी तिच्याकडे दोन रात्री धरल्या. प्रवासात घाई करायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. थांबे थोडे आणि लांबलचक.

भाऊंचा निरोप आला, चतुर्थीचं काय? मी म्हटलं, "चतुर्थीला खोल्या मिळत नाहीत म्हणा." कदाचित खरंही असेल, मी विचारलंच नव्हतं.

"शेगडी घेतली का, विचार तिला."

"घेतली म्हणा."

डिकीत मी शेगडीच्या जागी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या टाकल्या. धुळे, मालेगाव, नाशिक असं करत आम्ही निघालो. घरून दशम्या आणि ठेचा नेला होता, म्हणून पहिला दिवस सुखात गेला. दुसऱ्या दिवशी काशीदला भाऊंनी पोटावरून हात फिरवला आणि शेगडी काढायला सांगितलं. मी ह्यांना म्हटलं, "घरी राहिली म्हणा." हे बिचारे माझ्याकडे बघत राहिले. भाऊंचा चेहरा असा झाला की मला दुसऱ्या कुणी लाख रुपये दिले असते तरी तेवढं सुख झालं नसतं. मासे शिजणाऱ्या खानावळीत नाक मुरडत बसले आणि मग आंबोळ्या अशा हाणल्या की वाढणारी बाई थकली. नाकाने कांदे सोलणाऱ्यांचं पोट कसं असतं ते मला त्या दिवशी कळलं. जेवण झाल्यावर आम्ही दोघी ओल्या वाळूत खुर्च्या टाकून बसलो आणि पुरुषांना चपला राखायला लावल्या.

तासाभराने भाऊ वैतागले. पुढे देऊळ आहे, बंद होईल, म्हणाले. या क्षणासाठी मी वर्षानुवर्षं थांबले होते. मोठ्याने म्हटलं, "भाऊंना म्हणा, देऊळ कुठं पळून जातंय?"

भाऊ हसले. अगदी मनापासून, "हे बरं बोलली," म्हणून हसले. त्यांना काही आठवलंच नव्हतं. ज्या वाक्याने माझी इतकी वर्षं जळली, ते वाक्य त्यांना ठाऊकसुद्धा नव्हतं! माझा संताप दुप्पट झाला.

दिवेआगरला दुपारी पाणी लांब गेलं होतं. वाळू फरशीसारखी घट्ट. मी अक्काचा हात धरला, ह्यांनी खुर्ची घेतली. पाणी घोट्याशी आलं तशी तिने माझा हात सोडला. नडग्यांपर्यंत आलं तेव्हा तिने ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून ओरडली, "अय माय, बठ्ठं खारं शे!" मग खुर्ची पाण्यातच मांडून बसली. लाट आली की खुर्ची हलायची आणि ही बाई लहान पोरीसारखी किंचाळायची. साडी कमरेपर्यंत भिजली. मी रडत होते, पण सगळ्यांचीच तोंडं ओली असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

काठावरून भाऊ ओरडत होते, "पुरे आता! सर्दी होईल!"

अक्का मागे वळलीसुद्धा नाही. "तुम्ही जा. मी नही येस."

भरती लागेपर्यंत ती बसून राहिली. बाहेर आली तेव्हा भाऊ काठावर उभे होते. काय म्हणाले असतील? "पाहिलास ना? म्हटलं नव्हतं, तुला समुद्र दाखवीन?" जित्याची खोड! मी दातओठ खाल्ले. अक्का निऱ्या पिळत राहिली. जळगावला परत येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं की आता हा माणूस मरेपर्यंत दोनदा दाखवला म्हणून सांगणार, आणि मी एवढी उस्तवार केली ती त्यांच्याच खात्यात गेली.

महिन्याभराने भडगावला अक्काच्या भाचीचं लग्न होतं. तिला पंगतीत मांडी घालता येत नाही, म्हणून तिला पुरुषांच्या शेजारीच खुर्चीवर ताट दिलं होतं. मी तिच्याजवळ उभी होते. भाऊ अक्काच्या दोन भावांमध्ये बसून जेवत होते आणि झालं सुरू. "कोकण म्हणाल तर तुमच्या बहिणीला मी दोनदा दाखवलं. दोनदा!"

"एकदाच," अक्का म्हणाली.

माहेरची माणसं वळून पाहायला लागली. तिने चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तोडलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"अगं, मुलं लहान होती तेव्हा नेलं होतं की! विसरलीस का?"

"विसरेन कशी? तेव्हा मी स्वयंपाकाला गेले होते." अक्काने शांतपणे बट्टीचा तुकडा मोडला. "तुम्ही सगळे समुद्र पाहत होता, मी तुमच्या भाकरी करत होते. पाय ओले करू दिले नाहीत तुम्ही. समुद्र मी यंदा पाहिला, आणि तो मला हिने दाखवला."

तिचा थोरला भाऊ जेवायचा थांबला. त्याने भाऊंकडे पाहिलं आणि नुसतं पाहतच राहिला.  मान खाली घालून भाऊ वरण-बट्टी चुरत बसले, चुरलेली पुन्हा चुरत बसले. खोटं कशाला बोलू, ते पाहताना मला फार बरं वाटलं.