क्वारल म्हणजे गाऱ्हाणं

“कोन रडी ऱ्हायनं ते पहिले सांगा. भांडण मंग देखू.”

सर चष्मा काढायचे, जाड डिक्शनरीच्या पानांत बोट घालून ती मिटायचे आणि दोन्ही बाजूंकडे आळीपाळीने बघत हे वाक्य म्हणायचे. समोरची माणसं तावातावाने आलेली असत. कुणाच्या डोळ्यांत पाणी नसे, सगळ्यांच्या डोळ्यांत अंगार. त्यामुळे नवखा माणूस गोंधळून जाई.

मी धानोऱ्याच्या पुढच्या एका गावात ग्रामसेवक होतो. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, गावाच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष. दर गुरुवारी पंचायतीत बैठक. सर तंटे ऐकत आणि मी रजिस्टर लिहीत असे.

प्रत्येक बैठकीत शब्दाचा पाठ ठरलेला. इंग्रजीत भांडणाला क्वारल म्हणतात. तो शब्द आला लॅटिनमधून. तिथे त्याचा अर्थ गाऱ्हाणं, विलाप. मग तो कोर्टातल्या तक्रारीचा शब्द झाला, मग तक्रारीच्या कारणाचा, आणि शेवटी नुसता आरडाओरडा उरला. “रडनं मांगे राही गयं, बोंबलनं पुढे उनं,” सर म्हणत. शंभरदा ऐकलेला पाठ, पण ते दर वेळी पान उघडून दाखवत. अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा दाखवत, आणि तोही वाकून अगदी गंभीरपणे बघे. मला हसू दाबावं लागे.

या शब्दावरूनच त्यांनी समितीचा नियम केला होता. समोरच्याचं नाव घ्यायचं नाही, त्याने काय केलं ते सांगायचं नाही. आपल्याला कुठं दुखतं तेवढंच सांगायचं. करून बघा कधी, घाम फुटतो.

एकदा मिरचीवरून वाद आला. एकाच्या अंगणात मिरची वाळत पडायची, ठसका शेजारच्या घरात. शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, “हाऊ माणूस...”

“हाऊ नई. तू,” सर म्हणाले.

तो अडखळला. “याना अंगणमा...”

“यानं नई. तुन्हं.”

मग खाली बघत म्हणाला, “मन्ही मायले दम लागस. ती सोतानं घर सोडीसन म्हशीसना गोठामा जाई बठस.” मिरचीवाल्याला हे ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिरची त्याने शेतात नेली. मला मात्र दोन ओळींच्या वर लिहायला काही मिळालं नाही.

बाजारातले एक शेठ वकिलाकडून अकरा पानी तक्रार लिहून घेऊन आले होते. राजस्थानातून आलेलं जुनं व्यापारी घराणं, मानी माणूस. समोरच्या दुकानदाराचे सगळे अपराध कलमवार मांडलेले. सरांनी पानं चाळली आणि विचारलं, “शेठ, येमा तुम्ही कोठे शेतस?” शेठ आधी चिडले. मग म्हणाले, “सर, रोज सकाळी शटर उघडताना आम्ही एकमेकांना रामराम करायचो. आता माझा रामराम तोंडातच राहतो.” एवढं बोलून ते रुमालात बराच वेळ नाक शिंकरत राहिले.

आता जे आम्ही कुणी बोलत नव्हतो ते सांगतो. सरांना एकच मुलगी. ती विसरवाडीला दवाखान्यात नर्स आहे. तिथेच औषधं देणाऱ्या एका कोकणी या आदिवासी समाजातल्या मुलाशी तिने दहा वर्षांपूर्वी लग्न केलं. सरांनी त्या दिवशी तिला सांगितलं, या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. तिने ठेवलं नाही. सरांची पत्नी त्याआधीच गेलेली. गावाचे तंटे मिटवून सर संध्याकाळी एकटे घरी जात आणि एकाच माणसाची भाकर थापत.

एका बैठकीत एका म्हातारीचं गाऱ्हाणं ऐकून झालं, तरी ती उठेना. म्हणाली, “सर, बठ्ठा गावनं रडनं तुम्ही आयकतस. तुमनं कोन आयकस?” खोलीत सगळे जमिनीकडे बघू लागले. सरांनी चष्मा चढवला आणि मला म्हणाले, “भाऊसाहेब, पुढला अर्ज वाचा.” पुढला अर्ज नव्हताच.

गेल्या हिवाळ्यात, एका बुधवारी, सर भर दुपारी कार्यालयात आले. नेहमीच्या खुर्चीत न बसता अर्जदाराच्या बाकावर बसले. “भाऊसाहेब, लिखा,” म्हणाले. मी रजिस्टर ओढलं.

“माले एक नात शे. ती आठ वरीसनी व्हई. तिनं नाव माले ठाऊक नई.”

मी पुढची वाट पाहत राहिलो. पुढे काही नव्हतं.

मी पेन ठेवून मोबाइल काढला. “सर, मी आत्ता फोन करतो तिला.”

“फोन नको. नोटीस काढा. आठ दिन बठ्ठासले देतस, तिलेबी द्या. काय बोलनं शे ते तिले इचार करू द्या.”

आठ दिवसांची मुदत हा सरांचाच नियम. मी नोटीस लिहिली, पुढच्या गुरुवारची तारीख घातली, त्यांचं गाऱ्हाणं शब्दाला शब्द उतरवलं. आणि टपालाच्या फायलीत ठेवली. आमचं टपाल सोमवारी निघायचं. विसरवाडी मोटारसायकलने तासाभराच्या रस्त्यावर आहे. मी त्या संध्याकाळी गेलो असतो तर? पण वीस वर्षं कागद टपालानेच पाठवत आलो होतो. दुसरं सुचलंच नाही.

शनिवारी सकाळी सर गेले. शेजारणीने दार वाजवलं तेव्हा चूल पेटवायला ठेवलेली काटकी तशीच होती.

मुलगी आली. बायकांच्या घोळक्याच्या जरा मागे, अंगणाच्या बाहेर उभी राहिली. नवरा फाट्यावर गाडीपाशी थांबला होता. ती रडली नाही, कुणाशी बोलली नाही, घराच्या आत गेली नाही. मी तिच्यापासून दहा हातांवर होतो आणि तिची नोटीस माझ्या कपाटात होती. तरी मी तिला सांगितलं नाही. मी भित्रा निघालो, दुसरं काय.

सोमवारी टपाल बांधताना ती नोटीस हातात आली. अर्जदार मयत असेल तर अर्ज निकाली काढायचा असतो. तरी मी नोटीस पाठवली.

गुरुवारी अकरा वाजता ती दारात उभी. हातात तो कागद. “भाऊसाहेब, हाई माले काल भेटनं. तारीख आजनी शे म्हनीसन उनू.”

समितीचे चार जण होते. सरांचं गाऱ्हाणं मीच वाचलं. वाचताना दोनदा थांबलो. मग ती उभी राहिली. तिलाही नियम माहीत होता, सरांचीच लेक.

“माले वाटे, ती शे हाईच बाबाले माहीत नई,” ती म्हणाली. “तिनं नाव स्वरा.” आणि मग ती मटकन खाली बसून रडली, दहा वर्षांचं रडली.

मी नाव लिहिलं. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याला फोन लावला. “स्वराले शाळामातून काढी ल्या, सीधं आठेच लई या. तिले घर दाखाडनं शे.”

सरांच्या घराची किल्ली गल्लीच्या टोकाला शेजारणीकडे होती. शिपाई निघाला होता. त्याला थांबवलं आणि किल्ली आणायला मीच गेलो.