खाडीचा नारळ

आमच्या कळंबोलीत पहाटे खिडक्या लावून घ्यायच्या असतात. ही सवय इतकी अंगवळणी पडलेली की इतरांच्या घरी पहाटे खिडक्या उघडतात हे कळलं, तेव्हा मला त्यांचंच नवल वाटलं होतं. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा आला की वास येतो. कधी सडक्या कोबीचा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी लिहितं, ‘आज परत’, त्याखाली चार जण नाक दाबलेले चेहरे टाकतात, आणि मग सगळे डबे भरायला लागतात. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, तेवढ्यावर भागत नाही. तिकडच्याच एका कारखान्यात रसायनांचे ड्रम धुण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. आता तोंडात दम्याचा पंप मारल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. जागा म्हणजे काय बनियन आहे?

माझं ऑफिस बेलापूरला. तिथल्या एका मैत्रिणीने मला रविवारच्या पर्यावरणवाल्या ग्रुपमध्ये नेलं. नेरूळच्या खाडीकाठी जमायचं, फ्लेमिंगो बघायचे, कांदळवनात अडकलेलं प्लास्टिक उचलायचं. मंडळी बहुतेक सीवूड्सची, निवृत्त, गळ्यात दुर्बीण घातलेली. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई पुढारी होत्या, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला तिथे फार आवडायचं. सकाळी एवढा मोठा श्वास घेता येतो हे मला तिथे कळलं.

पण मी काही नुसती पक्ष्यांसाठी जात नव्हते. या लोकांचे फोन अधिकारी उचलायचे. त्यांनी आमच्या वासाचा विषय एकदा उचलला असता तर कुणीतरी ऐकलं असतं, आणि अप्पांच्या छातीला जरा तरी उसंत मिळाली असती. मी विषय काढला की मॅडम प्रेमाने म्हणायच्या, आपलं काम पाणथळ जागांचं आहे गं, हवेचं नाही. मी म्हणायचे, हवा पाण्यावरूनच येते, मॅडम. मग सगळे हसायचे, मीही हसायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

मग मॅडमनी कुठलंतरी ऑनलाइन शिबिर केलं. अमेरिकेत विषारी कारखाने आणि कचऱ्याचे ढीग नेमके काळ्या लोकांच्या वस्त्यांशेजारी कसे येतात, आणि झाडं वाचवणाऱ्यांच्या सभेत त्या वस्तीतलं माणूस कसं कधीच नसतं, हे त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. मी म्हटलं, “मॅडम, हे तर आमचं कळंबोली झालं.”

“अगदी बरोबर,” त्या म्हणाल्या, “म्हणूनच आता तू बोलायचंस.”

मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की आपल्या चळवळीत वेगवेगळे आवाज यायला हवेत. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. वेगवेगळे आवाज म्हणजे मी एकटी, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बोलायची वेळही लवकरच आली. मॅडमनी खाडीपूजनाचा कार्यक्रम ठरवला. एक मोठे अधिकारी येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. स्थानिक महिलेच्या हस्ते खाडीला नारळ अर्पण होणार, आणि जी नारळ देईल तीच मग पाच मिनिटं बोलणार. स्थानिक महिला म्हणजे मी. माझे आजोबा मराठवाड्यातून आलेले, मला पोहता येत नाही आणि माशाच्या काट्याची भीती वाटते. मी फक्त एवढंच विचारलं की बोलताना वासाचं बोलले तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं तुझी, तुला हवं ते बोल. मला दुसरं काय हवं होतं?

खाडीत रोज जाळं टाकणाऱ्या काठच्या गावातल्या बायकांना का नाही बोलवत, असं मैत्रिणीला विचारलं तेव्हा तिने खरं कारण सांगितलं. गाव आणि ग्रुप यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं. गावच्या लोकांनी कांदळवनाच्या कडेला खोल्या बांधल्या, ग्रुपने तक्रार केली, खोल्यांना नोटिसा गेल्या. त्यामुळे स्थानिक म्हणून मीच बरी.

नारळाचं मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आम्ही बौद्ध आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. जयंतीला माझे डोळे उघडायच्या आत त्यांचे निळे मेसेज आलेले असतात. मी चाचरत मॅडमना सांगितलं की आमच्यात पूजा करत नाहीत. त्या म्हणाल्या, “अगं, यात धर्म कुठे आला? ही तर इथली संस्कृती.”

मी गोंधळून गेले. आजीला गावात देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्याचा राग आमच्या घरात अजून जिवंत आहे. आणि आता कुणी हाताला धरून पहिल्या मानाला उभं करतंय, तर मला त्याचाही राग येत होता. बाहेर ठेवलं तरी राग, आत बोलावलं तरी राग, हे कसं? मीच तर वाकडी नाही ना, असं मला दोन दिवस वाटत राहिलं.

अप्पा तर बौद्ध होताना घेतात त्या बावीस प्रतिज्ञांचे पक्के. कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची तेव्हा ते गेटबाहेर उभे राहायचे. मशीनला हळद कशाला, ग्रीस लावा, असं एकदा साहेबाच्या तोंडावर म्हणाले आणि साहेबाने कायमचा आकस धरला. आम्ही या घरात आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी दारात फोडायला नारळ आणला होता. अप्पांनी तो हसत घेतला, आईला चटणी करायला लावली आणि वाटीभर त्यांच्याकडे पाठवली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. फक्त विचारलं, किती वाजता निघायचं? मीही येतो. मला वाटलं, झालं, आता परीक्षा.

खाडीकाठी मंडप होता. अप्पा पांढरा शर्ट घालून मागच्या खुर्चीत बसले. माझ्या हातात सोनेरी कागद लावलेला नारळ दिला. तेवढ्यात एक कोळीण मावशी आल्या. मॅडमच्या बिल्डिंगखाली मासे विकायच्या, मॅडमनी त्यांना फोटोपुरतं बोलावलं होतं. अंगावर ठेवणीतलं सोनं, केसांत वेणी. त्यांनी आधी नारळ पाहिला, मग मला.

“तू कुनाची गो, पोरी?”

मी म्हटलं, कळंबोलीची.

“नारल आमी पुनवेला देतो. आज कंचा सन हाय?”

त्या भांडत नव्हत्या, साधं विचारत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “नारल तुजे हातान, नि मी फोटोन?”

मी मागे वळून पाहिलं. अप्पा मुठीत पंप धरून, जरा पुढे वाकून, एकटक माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, मी नारळ पाण्यात टाकते का तेच बघतायत. आणि एकदम सगळं सोपं झालं. हा नारळ ज्यांचा त्यांना देऊन टाकायचा, म्हणजे मावशींचा मान राहील आणि अप्पांचा शब्दही. मी तो मावशींच्या हातात ठेवला. इतकं हलकं वाटलं मला, काय सांगू.

मॅडम आधी दचकल्या, मग खूश झाल्या. मावशींनी नारळ पाण्यात सोडला आणि ठरल्याप्रमाणे माइक त्यांच्याकडे गेला. त्या छान बोलल्या. माशाला येणाऱ्या रॉकेलच्या वासाचं बोलल्या. खोल्यांना आलेल्या नोटिसांचं बोलल्या, पोरं मोठी झाली तर त्यांनी राहायचं कुठं, असं विचारलं. तक्रार कुणी केली ते सांगताना त्यांनी आमच्या ग्रुपकडे बोट केलं, तेव्हा काही जण टाळ्या वाजवता वाजवता थांबले. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. अधिकारी बघतो म्हणाले, चहा घेतला आणि गाडीत बसले. मी पाठ केलेली पाच मिनिटं माझ्यापाशीच राहिली.

“केवढा मोठेपणा दाखवलास,” मॅडम माझा हात दाबून म्हणाल्या. वासाचा विषय पुढच्या वेळी नक्की, असंही म्हणाल्या.

परतताना रिक्षा खारघरला आली. मला शाबासकी हवी होती, म्हणून मीच म्हटलं, “अप्पा, तुमचा शब्द राखला.”

“कुणी सांगितलं होतं राखायला?” एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. त्यांनी पंप मारला, थोडं थांबले. “मी तर ते बघायला आलो होतो. तू वासाचं बोलताना त्या मंडपातल्या साहेबाचं तोंड कसं होतंय ते.”

ते बाहेर बघत राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“नारळाचं काय गं माय. मला सांगितलं असतंस तर मीच टाकला असता.”

मावशींना चुकीचं म्हणू म्हटलं तर जीभ रेटत नाही. मॅडमवर चिडू म्हटलं तर एवढी लोकं सोडून त्यांनीच मला माइकपाशी नेलं होतं. आणि ज्यांच्यासाठी मी तो नारळ दिला, त्यांना तो मी पाण्यात टाकलेलाच हवा होता. हे कुठून सोडवायला घ्यावं ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वास आला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘आज परत’. मी उठून बाहेर आले तर अप्पा आधीच उठलेले होते, धापा टाकत एकेक खिडकी लावत होते.